ब्रुनोचा कान पुन्हा पुन्हा का पिकतो?

ठाण्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: ब्रुनो, चार वर्षांचा लॅब्राडोर, वजन 34 किलो. वर्षभरात कान पाच वेळा पिकला. तपकिरी चिकट मळ, आंबूस वास, सारखं डोकं झटकणं. थेंब घातले की पाच-सहा दिवसांत बरं वाटतं, महिन्याभरात पुन्हा तेच. पावसाळ्यात जास्त. पायही चाटत बसतो. सहा महिन्यांत तीनदा खाणं बदललं: आधी चिकन-भात, मग महागातलं कोरडं खाद्य, आता धान्यविरहित खाद्य. कुणी म्हणतं रक्ताची अ‍ॅलर्जी टेस्ट करा, कुणी म्हणतं नुसत्या दहीभातावर ठेवा. शेजारच्या काकूंनी लसूण घालून कढवलेलं खोबरेल तेल आणून दिलंय. नेमकं काय करावं?

आधी ते तेल बाजूला ठेवा. काकूंचा हेतू चांगला आहे, पण कुत्र्याचा कान आपल्यासारखा नसतो. आपल्या कानाची नळी बरीचशी सरळ आत जाते. कुत्र्याची आधी खाली उतरते, मग काटकोनात वळून पडद्याकडे जाते, बेसिनखालच्या वाकड्या पाइपसारखी. वरून ओतलेलं तेल त्या वळणाशी जाऊन बसतं, मळ त्यात भिजून चिखल होतो आणि पुढे घातलेलं औषध कातडीपर्यंत पोचतच नाही. आधीच सुजलेली कातडी लसणाने आणखी भाजते ते वेगळंच. शिवाय पडदा फाटलेला असेल तर आत काय घालतोय याला फार महत्त्व येतं. चुकीचा पदार्थ मधल्या-आतल्या कानात गेला तर कुत्रा मान वाकडी करतो, गोल गोल फिरतो, कधी बहिरा होतो. म्हणून पडदा बघितल्याशिवाय कानात काहीही घालायचं नाही. डेटॉल नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड नाही, घरात कुणासाठी तरी आणलेले माणसांचे थेंबही नाहीत.

आता मूळ मुद्दा. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कानाबद्दलचं नाहीच, ‘पायही चाटतो’ हे आहे. कानाची नळी म्हणजे आत दुमडलेली कातडीच. अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याची पोटाकडची, काखेतली, बोटांमधली कातडी लाल होते तशीच कानातलीही होते. ती सुजली की नळी अरुंद होते, मेण जास्त सुटतं, आत ऊब आणि ओल साठते. मालासेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, निरोगी कुत्र्याच्या कानातही थोडंफार असतंच. त्याला असं आयतं घर मिळालं की ते बेसुमार वाढतं. थेंबांनी यीस्ट मरतं, सूज तात्पुरती उतरते, पण कातडी ज्यामुळे चिडली ते कारण तसंच राहतं. म्हणून महिन्याने पुन्हा तेच. तुमचे थेंब चुकीचे होते असं मी म्हणणार नाही. उपचार अर्धाच झाला.

आज संध्याकाळी ब्रुनोला उताणा पाडून नीट बघा. बोटांमधले केस गंजासारखे तांबूस झालेत का? ती सततच्या चाटण्याने लाळेची खूण असते. काखा, जांघा, ओठांची कड लाल आहे का? जमिनीवर ढुंगण घासत जातो का? दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा शी करतो का, पोटात गॅस असतो का? हे शेवटचे प्रश्न विचित्र वाटतील, पण खाण्याच्या अ‍ॅलर्जीत कातडीबरोबर पोटही तक्रार करतं, तेव्हा त्यांची उत्तरं कामाची असतात.

अर्थात प्रत्येक कान अ‍ॅलर्जीचा नसतो. पावसाळा संपता संपता, गवत पिवळं पडायला लागलं की एकच कान अचानक दुखणारे कुत्रे माझ्याकडे रांगेने येतात. आदल्या दिवशी सिंहगडाला नाहीतर पाषाणच्या टेकडीवर फिरून आलेले असतात आणि कानात कुसळ निघतं. ते टोक पुढे करून आतच सरकत जातं, मागे येत नाही. भूल देऊन चिमट्याने काढावं लागतं. पिल्लांच्या कानात कॉफीच्या भुकटीसारखा काळा कोरडा मळ दिसला तर कानातले माइट्स, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे बारीक किडे, आठवतात. गोचीड तर कानाच्या आतल्या घडीत हमखास सापडते. आणि तुमचा लॅब कमी खाऊनही वजन वाढवत असेल, दिवसभर सुस्त पडत असेल तर थायरॉइड बघायला हवं. ब्रुनोचा प्रकार मात्र वर्षभर चाललेला, परत परत येणारा, पायांसकट आहे. वारंवार पिकणाऱ्या कानांमागे अ‍ॅलर्जी हेच सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण.

दवाखान्यात गेल्यावर एक आग्रह धरा: स्लाइड. कापसाची काडी कानातून फिरवून काचेवर लोळवायची, रंग द्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. पाच मिनिटांचं काम. मी मालकांनाही डोळा लावून बघायला लावते. यीस्ट जांभळं दिसतं, भुईमुगाच्या शेंगेसारखं, मधे चिमटलेलं. ‘डॉक्टर, हे तर शेंगदाण्याचं पोतं सांडल्यासारखं दिसतंय,’ असं एक आजी म्हणाल्या होत्या आणि मला त्यापेक्षा चांगलं वर्णन अजून सुचलेलं नाही. ठिपक्यांसारखे गोल जिवाणू दिसले तर औषध वेगळं. काडीसारखे लांबट जिवाणू दिसले तर मी सावध होते, कारण त्यात स्यूडोमोनास असू शकतो. तो बऱ्याच अँटिबायोटिकना दाद देत नाही, मग पुवाचं कल्चर लागतं, म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून कुठलं औषध चालतं ते बघणं. दोन्ही कानांत वेगवेगळे पाहुणे असू शकतात, म्हणून स्लाइडही दोन. नुसता वास घेऊन ‘फंगस आहे’ म्हणणं आम्हा डॉक्टरांनाही मोहात पाडतं, आणि तिथेच चुका होतात.

दुसरी चूक थांबण्याची. वास गेला, कुत्रा डोकं झटकेनासा झाला म्हणून पाचव्या दिवशी बाटली फ्रिजवर गेली, असं बहुतेक घरांत होतं. तुमच्याही. थेंब बंद कधी करायचे हे नाकाने ठरवायचं नाही, दुसऱ्या स्लाइडने ठरवायचं. साधारण दोन आठवडे लागतात, जुनाट कानाला चार.

तिसरी चूक मापाची, आणि ती मला सगळ्यात जास्त खटकते. ‘चार थेंब’ लिहिलेलं असतं, म्हणून 34 किलोच्या कुत्र्याच्याही कानात चारच थेंब. ते वरच्या उभ्या नळीतच संपतात, वळणापलीकडे कोरडं. मोठ्या लॅबच्या कानाला दर वेळी सुमारे 1 मिली लागतं. तुमच्या डॉक्टरांना थेंबांत नको, मिलीत सांगायला सांगा आणि सुई नसलेल्या सिरिंजने मोजून घाला.

कान धुण्याचं तंत्र सोपं आहे, पण ते कुणी करून दाखवलेलं नसतं. कुत्र्यांसाठीचं इअर क्लीनर हातात घेऊन जरा कोमट करा. गार द्रव गेला की कुत्रा दुसऱ्यांदा जवळ येत नाही. कानाची पाळी वर धरून नळी भरेपर्यंत ओता. मग कानाच्या मुळाशी, गालाच्या मागच्या बाजूला, बोटांनी दाबत चोळा. पचपच असा आवाज आला पाहिजे. तो आला म्हणजे द्रव आडव्या नळीपर्यंत पोचला. अर्धा मिनिट चोळलं की मागे सरका, कारण तो डोकं झटकणार आणि भिंत रंगणार. हे बाथरूममध्येच करा. झटकून वर आलेला मळ कापसाने टिपून घ्या, बोट जाईल तेवढाच. काडी आत घालू नका. तिने मळ निघत नाही, ठासला जातो. औषध दहा मिनिटांनी. आणि रोज रोज धुऊ नका. उपचार चालू असताना डॉक्टर सांगतील तसं, एरवी आठवड्यातून एकदा पुरे. सारखा ओला राहिलेला कान अधिक बिघडतो. लॅब पोहत असेल तर पोहून आल्यावर मात्र धुऊन कोरडा करायचाच.

कान फारच सुजून नळी बंद झाली असेल तर थेंब आत जाणारच कुठून? तेव्हा आधी काही दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या देऊन वाट मोकळी करावी लागते. स्टेरॉइड म्हटलं की लोक दचकतात. मोजून दिलेला आठवडा आणि वर्षानुवर्षं मेडिकलमधून आणून दिलेल्या गोळ्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता खाण्याकडे येऊ. सहा महिन्यांत तुम्ही तीन खाणी बदललीत आणि त्यातून आपल्याला काहीही कळलेलं नाही. कसं ते सांगते. चिकन-भातात चिकन. कोरड्या खाद्याच्या पाकिटामागे बघा, बहुधा पहिलंच नाव चिकनचं असेल. धान्यविरहित पाकिटावर पुढे हरणाचं नाहीतर माशाचं चित्र, मागे बारीक अक्षरांत चिकन मील किंवा चिकन फॅट. म्हणजे बाकी सगळं बदललं आणि चिकन तेवढं कायम राहिलं. शिवाय प्रत्येक खाद्याला दोन महिनेही मिळाले नसतील.

धान्याला उगाच बदनाम केलंय. खाण्याची अ‍ॅलर्जी सिद्ध झालेल्या 297 कुत्र्यांचा आढावा 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बीफ 34 टक्के, दुग्धजन्य पदार्थ 17, चिकन 15 आणि गहू 13 टक्के असा क्रम होता. शरीर ज्या प्रथिनाला रोज भेटतं त्याच्याशीच भांडण काढतं. बीफ आपल्याकडच्या बऱ्याच घरांत कुत्र्याच्या ताटात येत नाही, पण उरलेली तीन नावं वाचा: दूध, चिकन, पोळी. आपल्या कुत्र्यांचा सगळा दिवस त्यातच जातो. धान्यविरहित खाद्याबद्दल आणखी एक: अशा काही खाद्यांचा हृदयाच्या आजाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये जाहीर केली. तिचा निर्णायक निकाल लागलेला नाही, तरी नेमकं कारण नसताना मी ते कुणाला सुचवत नाही.

रक्ताची टेस्ट खाण्यासाठी करू नका. निरोगी कुत्र्यांचे निकालही त्यात पॉझिटिव्ह येतात आणि मालक वीस पदार्थांची यादी घेऊन रडकुंडीला येतात. केस आणि लाळेच्या टेस्टबद्दल तर बोलायलाच नको. 2019 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात संशोधकांनी खेळण्याची कृत्रिम लव आणि मिठाचं पाणी तपासायला पाठवलं, आणि त्यांनाही अ‍ॅलर्जी निघाली. दहीभाताचं म्हणाल तर त्यात दूध आलंच, आणि 34 किलोच्या कुत्र्याला लागणारं प्रथिन आलं नाही.

खाण्याची अ‍ॅलर्जी ओळखायचा एकच भरवशाचा मार्ग आहे: आठ आठवडे असं खाणं, ज्यातलं प्रथिन ब्रुनोच्या शरीराने कधी पाहिलेलं नाही किंवा ओळखता येणार नाही. ‘ओळखता येणार नाही’ म्हणजे हायड्रोलाइज्ड खाद्य. त्यात प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की प्रतिकारशक्तीला ते सहसा कळत नाहीत. महाग आहे, पण सोपं आहे, आणि शाकाहारी घरात भांडी वेगळी ठेवायचा प्रश्न येत नाही. घरी शिजवायचं तर आधी कागदावर लिहून काढा: पिल्लू असल्यापासून त्याने काय काय खाल्लंय. कधीच मासे खाल्ले नसतील तर मासे आणि बटाटा किंवा रताळं. मालवणच्या घरातला कुत्रा असेल तर मासे बाद, तिथे मटण-बटाटा. मात्र दुधावर संशय असेल तर मी मटणापेक्षा माशांना पसंती देते, कारण गाय, म्हैस, शेळी या नात्यातल्याच. एक प्रथिन, एक पिष्टमय पदार्थ, पाणी. मीठ-मसाला-कांदा-लसूण काही नाही. कांदा-लसूण तर कुत्र्याच्या रक्तपेशींनाच मारक. असं घरचं खाणं दीर्घकाळ संतुलित नसतं, कॅल्शियम कमी पडतं. धडधाकट मोठ्या कुत्र्याला आठ आठवडे चालतं. वाढत्या पिल्लावर हा प्रयोग नको.

आणि आठ आठवडे म्हणजे आठ आठवडे. एक पार्ले-जी नाही, पोळीचा तुकडा नाही, चघळायचं हाड नाही. गोळी पनीरमध्ये लपवून द्यायची नाही. गोचीड-पिसवांच्या चघळायच्या गोळीतही मांसाचा स्वाद असतो. त्या काळापुरतं मानेवर सोडायचं औषध वापरा, पण गोचिडांचा बंदोबस्त थांबवू नका.

एक बीगल होती माझ्याकडे, कुकी. घर अतिशय शिस्तीचं, हायड्रोलाइज्ड खाद्य वजन करून, खाजेची वही ठेवलेली. चार आठवडे झाले तरी सुधारणा अर्धवट. वही चाळताना दिसलं, दर शुक्रवार-शनिवारी खाज वाढलेली, बुधवारपर्यंत उतरलेली. कुत्र्याच्या कानाला वार कसा कळेल? घरच्यांना गुरुवारी काय होतं ते विचारलं तर सगळे म्हणाले, काही नाही. कोपऱ्यात बसलेले आजोबा मात्र चप्पल शोधायला लागले. गुरुवारी ते दत्ताच्या देवळात जायचे आणि प्रसादाचा अर्धा पेढा तिला द्यायचे. ‘प्रसाद काय बाधतो का?’ एवढंच म्हणाले. आम्ही त्यांना नवी जबाबदारी दिली: कुकीच्या खाद्यातले दहा दाणे खिशात ठेवायचे आणि देवळातून आल्यावर तेच द्यायचे. पुढच्या महिन्यात कान स्वच्छ झाले. म्हणून सांगते, प्रयोग सुरू करायच्या आधी घरातल्या ज्येष्ठांना, कामाला येणाऱ्या मावशींना आणि सोसायटीच्या वॉचमनला विश्वासात घ्या. कुत्र्याला न चुकता खाऊ घालणारं माणूस बहुतेक वेळा यांच्यातलंच असतं.

प्रयोग चालू असताना कानाचे थेंब चालूच ठेवायचे. यीस्ट खाणं बदलून मरत नाही. खाजेची गोळी चालू असेल तर ती शेवटच्या दोनेक आठवड्यांत डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवून बघायची, नाहीतर फरक गोळीने पडला की खाण्याने हे कळणार कसं? खाण्याची अ‍ॅलर्जी खरोखर असेल तर पाच आठवड्यांत सुमारे 80 टक्के आणि आठ आठवड्यांत 90 टक्क्यांहून अधिक कुत्रे सुधारतात.

सुधारला तर? मग जुनं खाणं पुन्हा सुरू करायचं. इथे सगळे मालक माझ्याकडे वेड लागल्यासारखं बघतात. ‘बरा झालाय, आता कशाला छेडायचं?’ कारण तुम्ही ठाण्यात राहता. सप्टेंबरात प्रयोग सुरू केलात तर नोव्हेंबरात तो संपेल, तोवर पाऊस गेलेला, हवा कोरडी झालेली. कान खाण्याने सुधारला की पावसाळा संपल्याने? जुनं खाणं दिल्यावर काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत खाज परतली आणि पुन्हा नव्या खाण्याने गेली, तरच गुन्हेगार ताटात होता असं म्हणायचं. मग एकेक पदार्थ, प्रत्येकाला दोन आठवडे: चिकन, दूध, गहू, अंडं. ज्याने खाज येत नाही ते आयुष्यभर खुशाल द्या. अनेकदा एक-दोन पदार्थच वगळावे लागतात.

आता माझा अंदाज. पावसाळ्यात वाढणं, एक ते तीन वर्षांच्या वयात सुरुवात होणं हे मला हवेतल्या, घरातल्या गोष्टींकडे जास्त खुणावतं: धुळीतले माइट्स, भिंतीची बुरशी, परागकण. अ‍ॅलर्जीच्या कुत्र्यांत हीच मंडळी बहुसंख्य. निव्वळ खाण्याची कमी. दोन्ही एकत्रही असतं. पण नुसतं बघून वेगळं काढता येत नाही, म्हणून तो आठ आठवड्यांचा खटाटोप. त्यातून ‘खाणं नाही’ असं निघालं तरी ते उत्तरच आहे; त्यानंतर महागड्या पाकिटांवरचा खर्च थांबतो.

मग ही गोष्ट शुगर-बीपीसारखी धरायची: जात नाही, ताब्यात राहते. फिरून आल्यावर पाय धुऊन बोटांमध्ये कोरडे करणं, डॉक्टरांनी दिलेल्या शॅम्पूने आठवड्याला आंघोळ, माशाचं तेल (त्याचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने जातात), जून ते सप्टेंबर खाज आवरणारी गोळी, जसं ऑक्लासिटिनिब. आणि कान बरा दिसत असतानाही आठवड्यातून दोनदा कानात सौम्य स्टेरॉइडचं औषध, डॉक्टर ठरवतील त्या मापाने. या शेवटच्या गोष्टीने माझ्या कित्येक लॅबचे आणि कॉकर स्पॅनियलचे कान वाचलेत. न केल्यास नळीची कातडी जाड होत होत कोबीसारखी होते, पुढे कूर्चा दगडासारखी कडक, आणि मग अख्खी नळी काढून टाकायची शस्त्रक्रिया एवढाच मार्ग उरतो.

थांबू नये अशा खुणा: मान एका बाजूला कलणं, तोल जाणं, हिरवट-पिवळा पू, जबडा उघडताना किंचाळणं. झटकून झटकून पाळीतली रक्तवाहिनी फुटली तर पाळी करंजीसारखी फुगते. घरी सुई टोचून रिकामी करू नका, लगेच पुन्हा भरते.

दवाखान्यात जाताना तिन्ही पाकिटांच्या मागच्या बाजूचे फोटो, आतापर्यंतच्या थेंबांच्या रिकाम्या बाटल्या आणि ब्रुनोने आयुष्यात खाल्लेल्या पदार्थांची यादी घेऊन जा. आदल्या दिवशी कान धुऊ नका, स्लाइडला मळ हवा. आणि काकूंनी तेलाचं विचारलंच तर सांगा, चटणीवर घालून खाल्लं, छान होतं.